फेवर ल्यूबा स्विस की इंडियन? आजोबांच्या सी चीफच्या निमित्तानं सगळा इतिहास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबांच्या ट्रंकेत फेवर ल्यूबा कंपनीचं सी चीफ हे मनगटी घड्याळ सापडलंय, त्याचा फोटो पाठवलाय, चावी दिली की दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. दुकानदार म्हणाला ही टाटांची कंपनी, स्विस वगैरे काही नाही, द्या इकडे, नवीन डायल टाकून केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच) बफ करून, घासून चकाचक करून देतो. तर तो म्हणतो ते खरं का, आणि करून घ्यावं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते अर्जंट आहे. करून घेऊ नका. डायलला कुणालाही हात लावू देऊ नका, मी सुद्धा लावणार नाही. घड्याळ बंद आहे ना, मग मशीन दुरुस्त करायची, डायलनं काय बिघडवलंय? का नको ते खाली सविस्तर लिहितो पण आज उद्यात घड्याळ त्या दुकानात सोडलं असेल तर आधी जाऊन परत आणा.

आता इतिहास. मी तीस वर्षांहून जास्त घड्याळं दुरुस्त करतोय, पुण्यात, आणि माझ्या टेबलावर जुन्या स्विस घड्याळांमध्ये सगळ्यात जास्त कुठलं आलं असेल तर फेवर ल्यूबाच. लोक फेवरलुबा म्हणतात, फेवर लिंबा म्हणणारे पण भेटलेत. पण हे नाव दोन आडनावांचं आहे, फाव्र आणि ल्यूबा, आपल्याकडे फेवर ल्यूबा झालं ते झालंच, मी पण तेच म्हणतो.

स्वित्झर्लंडच्या पश्चिमेला फ्रान्सच्या बॉर्डरला लागून ज्युरा डोंगर आहेत आणि तिथल्या एका खोऱ्यात ल लोक्ल नावाचं छोटं गाव आहे. थंडीत तिथे चार-पाच महिने बर्फ, शेतीला सुट्टी, मग घरातल्या खिडकीपाशी बसून माणसं घड्याळाचे पार्ट बनवायची, कुणी चाकं, कुणी काटे, कुणी नुसते स्क्रू. अशा गावात आब्राहाम फाव्र नावाचा कारागीर होता आणि १७३७ सालच्या एका सरकारी कागदात त्याचा घड्याळजी म्हणून उल्लेख आहे. कंपनी आपली सुरुवात तिथून मोजते. १७३७ म्हणजे कधी, तर पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन धडकले तेच वर्ष. आज चालू असलेल्या स्विस घड्याळांच्या नावांमध्ये याच्याहून जुनं सांगतात ते ब्लॉपाँ, १७३५ चं. व्हॅशरॉन वगैरे मंडळी सुद्धा नंतरची, १७५५. तेव्हा "टाटांची कंपनी" म्हणणाऱ्याला एवढं एक साल सांगितलं तरी पुरे.

आणि एक गंमत जी फार जणांना माहीत नसते, १७३७ मध्ये ते गाव स्वित्झर्लंडमध्ये नव्हतंच. न्यूशातेलचा तो सगळा भाग तेव्हा प्रशियाच्या राजाचा होता, स्विस संघात तो रीतसर आला १८१५ च्या आसपास. आणि साधारण त्याच सुमारास फाव्र घराण्याची ल्यूबा घराण्याशी भागीदारी झाली. फाव्र कारागीर, ल्यूबा व्यापारी घरातले. मला विचाराल तर या कंपनीची पुढची सगळी कहाणी या जोडीत आहे. ल लोक्लमध्ये चांगले कारागीर पुष्कळ होते, पुढे त्याच गावातून उलीस नार्दाँ निघाली, तिसो निघाली, झेनिथ निघाली, पण माल उचलून समुद्रापार नेऊन विकायची धमक यांच्यात आधीपासून होती.

ती धमक सगळ्यात जास्त होती फ्रित्झ फाव्रमध्ये. हा माणूस घड्याळं घेऊन देशोदेशी फिरला आणि १८६५ मध्ये कंपनीनं हिंदुस्थानात धंदा सुरू केला. १८६५ ची मुंबई डोळ्यासमोर आणा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव गगनाला भिडलेला, मुंबईत पैसा नुसता वाहत होता (त्याच वर्षी तो फुगा फुटला हेही खरं), बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन बारा वर्षं झालेली आणि रेल्वे घाट चढून वर आलेली. जिथे रेल्वे तिथे घड्याळ लागणारच. त्यात इथला वेळेचा घोळ बघा, रेल्वे पुढे चालायला लागली मद्रास टाइमवर आणि मुंबई शहर स्वतःच्या बॉम्बे टाइमवर, हा बॉम्बे टाइम पुढे भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही शहरानं सोडला नाही, १९५५ पर्यंत कुठे ना कुठे चालू होता, ३९ मिनिटं मागे. अशा शहरात घड्याळ विकायला येणं म्हणजे नेमक्या ठिकाणी दुकान मांडणं झालं. सुएझ कालवा तर तेव्हा उघडलाही नव्हता, तो १८६९ चा.

नंतर बाकीचे पण आले, वेस्ट एंड वॉच कंपनी तर मुंबईतच नावारूपाला आली, तिची घड्याळं फौजेतल्या माणसांकडे असायची. पण फेवर ल्यूबाचा जम वेगळा होता. त्यांचं इथे स्वतःचं ऑफिस, रिपेअरची सोय, पार्ट मिळायचे. दुसऱ्या नामांकित स्विस कंपन्यांची घड्याळंही ते इथे विकायचे, म्हणून कधीकधी एका डायलवर दोन नावं दिसतात, वर जेगर लकूल्त्र आणि खाली फेवर ल्यूबा. असं घड्याळ आलं की लोकांना वाटतं डुप्लिकेट आहे. सरसकट तसं समजू नका, असा माल खरंच यायचा, मशीन उघडून बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

तर ते स्विस की इंडियन? बनवलं तिकडे, जगलं इकडे, असं मी सांगतो गिऱ्हाइकाला. आपल्या मराठी घरांमध्ये जावयाला लग्नात घड्याळ द्यायची पद्धत होती, आणि "फेवर ल्यूबा दिलं" असं सांगताना सासऱ्याची मान ताठ व्हायची. फार श्रीमंतांकडे ओमेगा, रोलेक्स असेल, पण मास्तर, तलाठी, बँकेतला कॅशियर यांच्या मनगटावर आयुष्यात एकदा येणारं चांगलं घड्याळ म्हणजे हे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं आयातीवर बंधनं घातली, स्विस घड्याळ महाग झालं, मिळेनासं झालं, बंदरावर चोरटा माल उतरायला लागला, १९६१ मध्ये बंगळुरात एचएमटीचा कारखाना आला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं, आणि तरीसुद्धा या नावाची ओढ कमी झाली नाही. सी चीफ, सी किंग, डेमॅटिक ही त्यांच्या मॉडेलांची नावं आमच्या धंद्यात अजून रोज ऐकू येतात.

आता घड्याळाच्या पोटात शिरू कारण खरी मजा तिथे आहे.

१९५० च्या दशकात कंपनीनं स्वतःची मशीन डिझाइन करायला घेतली, एफएल १०१ वगैरे नंबर तेव्हापासूनचे. आणि १९६२ मध्ये काढली एफएल २५१, जिच्यामुळे माझ्यासारखा माणूस या कंपनीपुढे हात जोडतो. साध्या चावीच्या घड्याळात एक बॅरल असतं, म्हणजे डबी, त्यात मेन स्प्रिंग गुंडाळलेली. चावी भरली की स्प्रिंग ताठ, ती चाकं जोरात ढकलते, जसजशी सैल होते तसा जोर कमी होतो, आणि म्हणून सकाळी घड्याळ एका चालीनं चालतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दमून दुसऱ्या चालीनं. २५१ मध्ये यांनी दोन बॅरल टाकली. बैलजोडीसारखं समजा, एका बैलावर सगळा भार टाकून त्याला दमवण्यापेक्षा दोघांवर वाटून दिला की दिवसभर चाल एकसारखी राहते. दोन्ही स्प्रिंगा सैलसर, शांतपणे ढकलणाऱ्या, आणि एका चावीत दोन दिवसांहून जास्त चालणार. एवढं सगळं बसवून मशीनची जाडी ३ मिलिमीटरच्या आत. दोन डब्या टाकून पातळ करायची म्हणजे काय ते एकदा चिमटा हातात धरून बघा, पुलाखालची (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीखालची) जागा इतकी मोजून वापरलीये की एक स्क्रू इकडचा तिकडे बसवला तर मशीन बंद होत नाही पण चाल बिघडते. नंतर ऑटोमॅटिक मध्ये पण त्यांनी दोन बॅरल आणली.

तुमच्या सी चीफमध्ये ही मशीन असेलच असं नाही. नाव एकच असलं तरी वर्षांप्रमाणे आत वेगवेगळ्या मशीन येत गेल्या, काही मॉडेलांमध्ये बाहेरच्या कारखान्याकडून घेतलेली मशीन आणि त्यावर फेवर ल्यूबाचा शिक्का असंही असतं, त्या काळात सगळेच करायचे, त्यात कमीपणा नाही. बॅक उघडलं की दोन मोठी चाकं शेजारी शेजारी दिसली तर समजा डबल बॅरल.

त्याच १९६२ मध्ये यांनी बिव्हॅक काढलं. बिव्हॅक म्हणजे डोंगरावर उघड्यावर केलेला मुक्काम. मनगटी घड्याळात उंची दाखवणारा काटा, तो पण बॅटरी नाही काही नाही, आत एक हवा काढलेली चपटी धातूची डबी. वर चढलात की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते, ते फुगणं तरफेनं काट्यापर्यंत जातं. आणि तुम्ही एका जागी मुक्कामाला असून काटा आपोआप जास्त उंचीकडे सरकला, तर दाब पडतोय, वादळ येतंय. गिर्यारोहकाला याच्याहून जास्त काय पाहिजे? १९६४ मध्ये आल्प्समध्ये ग्रांद जोरासची एक अवघड धार मिशेल व्होशे आणि वाल्टर बोनात्ती यांनी सर केली तेव्हा बिव्हॅक सोबत होतं, आणि १९७५ मध्ये जपानच्या जुन्को ताबेई एव्हरेस्टवर पोचल्या, शिखरावर पोचलेली पहिली बाई, त्यांच्याकडेही बिव्हॅक होतं. १९६८ मध्ये उलटा प्रयोग, बॅथी, पाण्याखाली किती खोल गेलात ते सांगणारं, पाण्याच्या दाबानं एक पातळ पडदा दबतो आणि काटा फिरतो. बॅथी माझ्या हातात आयुष्यात एकदाच आलंय, ते पण फक्त काच बदलायला. मालकाला दोन दिवस थांबा म्हटलं, काम अर्ध्या तासाचं होतं पण मला ते नीट बघायचं होतं.

एवढी हुशार कंपनी मग बुडाली कशी? एकटी नाही बुडाली, अख्खा देश हलला. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइकोनं टोकियोत क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, घड्याळ बाजारात आणलं, सुरुवातीला महाग होतं पण दहा वर्षांत इतकं स्वस्त झालं की चावीच्या घड्याळाकडे कोण बघेना. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. घराच्या घरं रिकामी झाली. फेवर ल्यूबा आठ पिढ्या एका घराण्यात होती, ती ८० च्या दशकात विकावी लागली, आणि मग नाव या हातातून त्या हातात फिरत राहिलं. इकडे आपल्याकडे टायटननं १९८७ मध्ये क्वार्ट्झ आणलं आणि आजोबांची चावीची घड्याळं ट्रंकेत गेली. तुमचंही तेव्हाच गेलं असणार.

आता दुकानदाराचा टाटांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. २०११ मध्ये टायटननं, म्हणजे टाटांच्या कंपनीनं, फेवर ल्यूबा हे नाव २० लाख युरोंना विकत घेतलं. पावणेतीनशे वर्षांच्या नावाला ही किंमत वाचून मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं, पण आनंदही झाला की गेलं तर ओळखीच्या घरी गेलं. त्यांनी नवीन बिव्हॅक काढलं, ९००० मीटरपर्यंत उंची दाखवणारं, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, आणि खोली मोजणारं नवीन बॅथी पण. काम मनापासून केलं होतं पण किंमती आणि आकार दोन्ही मोठे, चाललं नाही. मग २०२३ मध्ये एथॉस ग्रुपनं, म्हणजे महागडी घड्याळं विकणाऱ्या भारतीय कंपनीनं, ते नाव घेतलं आणि २०२४ मध्ये जिनिव्हात पुन्हा नव्यानं सुरुवात केली. एथॉसच्या मागची मंडळी हिमाचलात परवाणूला कित्येक वर्षं घड्याळाचे डायल बनवतायत, स्विस कंपन्यांना सुद्धा. म्हणजे डायल काय असतो हे कळणारी माणसं आहेत, याचा मला भरवसा वाटतो. पण हे सगळं २०११ नंतरचं. तुमच्या आजोबांचं घड्याळ साठ-सत्तरच्या दशकातलं दिसतंय, त्याचा टाटांशी काही संबंध नाही. ते स्विसच.

आता डायल. का नको ते ऐका.

परदेशातले जुन्या घड्याळांचे शौकीन एक शब्द वापरतात, "मुंबई स्पेशल". आपल्या शहराचं नाव अशा कामाला लागलंय याचा मला मनापासून त्रास होतो. याचा अर्थ जुनं घड्याळ, त्यावर नवा रंगवलेला भडक डायल, दुसऱ्याच घड्याळाचे काटे, घासून गुळगुळीत केलेली केस. यात सगळ्यात जास्त बळी गेलेली दोन नावं म्हणजे एचएमटी आणि फेवर ल्यूबा. लाल डायल, पोपटी डायल, मधेच फौजेचा शिक्का, कंपनीनं आयुष्यात असले डायल काढले नाहीत. ओळखायचं कसं? आयग्लास लावून ६ च्या खाली बघा, तिथे बारीक अक्षरात स्विस मेड असतं, मूळ छपाईत त्या अक्षरांच्या कडा कोरल्यासारख्या असतात आणि रंगवलेल्यात शाई पसरलेली, अक्षरं जाड, कधी वाकडी, कधी गायबच. वाळूच्या घड्याळासारखं जे कंपनीचं चिन्ह आहे त्याची टोकं बोथट दिसली तरी समजा गडबड आहे. आणि काट्यांवरचा रेडियम, लोक सगळ्यालाच रेडियम म्हणतात, तो पिवळा पडलेला आणि डायलवरचा पांढराफेक, तर दोन्हीतलं एक नंतर आलंय. तो खरवडायला मात्र जाऊ नका, फार जुन्या घड्याळांत खरंच रेडियम असतो आणि त्याची धूळ नाकातोंडात जाणं चांगलं नाही.

तुमच्या फोटोत डायल मलईसारखा झालाय, कडेला दोन-तीन ठिपके आहेत, स्विस मेड स्पष्ट आहे. पन्नास वर्षांत जसा व्हायला पाहिजे तसाच झालाय. मागे एकजण असंच वडिलांचं सी किंग घेऊन आले होते, आधी एका दुकानात डायल "नवीन" करून आणलेला, आणि मला म्हणाले हे बाबांचं वाटतच नाही हो, जुना डायल परत बसवता येईल का. जुना डायल म्हणजे त्यावरचंच मूळ काम खरवडून वर रंग मारलेला. कुठून बसवणार. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

केसचं पण तेच. बऱ्याच सी चीफची केस पितळेवर मुलामा आणि फक्त बॅक स्टीलचं अशी असते. बफ केली की मुलामा जातो, कोपरे गोल होतात, चार महिन्यांत पितळ वर येतं आणि मनगटावर हिरवट डाग. कोमट पाण्यात ओलं केलेलं मऊ कापड पिळून पुसा, बस.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे चावी देऊन देऊन चालवून बघणं आत्ताच्या आत्ता बंद करा. तेल वाळून डिंकासारखं झालंय, कोरड्या मशीनवर चालवलं तर बारीक पिव्हट, म्हणजे चाकांच्या दांड्यांची टोकं, झिजतात आणि मग छोट्या गोष्टीचा मोठा खर्च. दहा मिनिटांत थांबतं हे ऐकून मला उलट बरं वाटलं, बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) शाबूत आहे, स्प्रिंग तुटलेली नाही, बहुतेक फक्त घाण आणि तेल आहे. पूर्ण मशीन सुटी करून सफाई आणि नवीन तेल एवढं ज्याला हातानं येतं अशाकडे द्या, आणि देताना स्पष्ट सांगा की डायल, काटे, केसला हात लावायचा नाही, आणि जो पार्ट बदलाल तो जुना मला पुडीत बांधून परत पाहिजे. जो यावर कुरकुर करेल त्याच्याकडून उठून या. चालू झालं की रोज एका ठरलेल्या वेळेला चावी, भरत आली की बोटाला कळतं, तिथे थांबायचं. पाण्यात नाही. नावात सी आहे म्हणून विहिरीत पोहायला घेऊन गेलेले महाभाग मला भेटलेत, आतून गंज काढता काढता नाकी नऊ आले होते.

विकायचं का हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल, तर साधं सी चीफ लाखांत जात नाही, बिव्हॅक आणि बॅथीची गोष्ट वेगळी. घालायला ठेवा.

आणि शेवटचं एक काम करा, स्वतः नको, घड्याळजीकडून बॅक उघडून घ्या आणि बॅकच्या आतल्या बाजूचा फोटो काढा, उजेड तिरका पडेल असा. तिथे सुईनं कोरलेले बारीक आकडे दिसतील. आमच्यात जुनी रीत आहे, सर्व्हिसिंग केलं की आतून तारीख कोरायची, स्वतःच्या खुणेसकट. मागच्या महिन्यात एका सी चीफमध्ये मला अशा सात तारखा मिळाल्या, ६८ पासून ९१ पर्यंत, आणि त्यातल्या दोन माझ्या वस्तादांच्या हाताच्या, त्यांचा ४ मी कुठेही ओळखतो, वरून उघडा असायचा. तुमच्या बॅकमध्ये शेवटची तारीख कुठली आहे ते कळवा, त्यावरून आतलं तेल किती वर्षांचं ते समजेल आणि मशीनचा नंबर दिसला तर कुठले पार्ट अजून मिळतात ते मी बघून सांगतो.